महाविद्यालयीन ग्रंथपाल व्हायचंय? बी.लिब.च्या प्रवेशापासून कार्यभार घेण्यापर्यंत

बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करावं का, नेट द्यावी की सेट (अध्यापक पदांसाठीच्या पात्रता परीक्षा), आणि ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी नेमकं काय हाती घ्यायचं, हे प्रश्न मला दर जूनमध्ये कोणी ना कोणी विचारतंच. काउंटरवर उभ्या उभ्या उत्तर देताना निम्मं राहून जातं. म्हणून मी ज्या वाटेने आले ती इथे सविस्तर लिहिते आहे. लेख महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांना धरून आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून घ्या. महाविद्यालयाचा ग्रंथपाल हे शैक्षणिक पद आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधल्या ‘शिक्षक’ या व्याख्येत पूर्णवेळ मान्यताप्राप्त ग्रंथपाल येतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याची सुरुवात सहायक प्राध्यापकासारखीच शैक्षणिक स्तर १० वर, म्हणजे ५७,७०० रुपये मूळ वेतनावर होते. असं असूनही या क्षेत्रात येणारे बरेच जण स्वतःला कार्यालयातला कर्मचारी समजून येतात. अभ्यास कसा करायचा, मुलाखतीत काय बोलायचं, प्राचार्यांकडे काय मागायचं, हे सगळं त्या एका समजुतीवर ठरतं.

१. कोणत्या ग्रंथालयात जायचंय ते आधी ठरवा

सार्वजनिक ग्रंथालय, शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ आणि संशोधन संस्था यांचे नियम वेगवेगळे आहेत. सार्वजनिक ग्रंथालयं १९६७ च्या राज्य कायद्याखाली आणि ग्रंथालय संचालनालयाखाली येतात. महाविद्यालय आणि विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम लागू होतात.

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. ग्रंथालयशास्त्राचा काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात उपयोगी पडतो. महाविद्यालयात त्यावर परिचर किंवा लिपिक म्हणून कदाचित जागा मिळेल, पण ग्रंथपाल होता येत नाही. ‘प्रमाणपत्र घ्या आणि ग्रंथपाल व्हा’ अशी जाहिरात दिसली तर कोणत्या ग्रंथालयात आणि कोणत्या पदावर, हे विचारा.

वरच्या पायऱ्याही माहीत असू द्या. विद्यापीठात सहायक ग्रंथपाल हे पद महाविद्यालयीन ग्रंथपालाच्याच स्तरावर आहे. उपग्रंथपालासाठी पीएच.डी. आणि ८ वर्षांचा अनुभव लागतो, विद्यापीठाच्या ग्रंथपालासाठी पीएच.डी. आणि १० वर्षांचा. पुढे कधी विद्यापीठात जायचा विचार असेल तर पीएच.डी. फार लांबवू नका.

२. पदव्या: बी.लिब., मग एम.लिब.

कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यानंतर साधारणपणे एक वर्षाचं बी.लिब. आणि एक वर्षाचं एम.लिब., म्हणजे पदव्युत्तर पदवी; काही विद्यापीठांत दोन्ही मिळून सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबईत मुंबई विद्यापीठ आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ, शिवाय राज्यातली इतर विद्यापीठं हे शिकवतात. नोकरी करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेत.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, असं फार जण विचारतात. मान्यताप्राप्त विद्यापीठाची असेल तर चालते. अडचण पदवीची नसते, सरावाची असते. नियमित वर्गात तालिकीकरणाचे (पुस्तकांच्या नोंदी करण्याचे) आणि वर्गीकरणाचे (विषयाप्रमाणे क्रमांक देण्याचे) तास होतात, शंका तिथल्या तिथे सुटतात. घरी बसून शिकणाऱ्याने तो सराव स्वतः उभा करावा लागतो. त्याबद्दल चौथ्या पायरीत लिहिलं आहे.

एम.लिब.ला किमान ५५ टक्के हवेत. आरक्षित प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराचे ५४.८ टक्के म्हणजे ५५ नव्हेत आणि छाननीत ते कोणी वर ढकलून देत नाही. पहिल्या सत्रात गुण कमी पडले असतील तर दुसऱ्या सत्राआधीच सावध व्हा. नंतर श्रेणीसुधार परीक्षेच्या मागे लागण्यात वर्ष जातं.

जाता जाता एक सांगते. भारतातलं ग्रंथालयशिक्षण सुरू झालं ते बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि पुढच्याच वर्षी तिथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. हे परीक्षेतही विचारतात, पण नुसतं परीक्षेपुरतं वाचू नका. एका मराठी राजाने गावोगावच्या ग्रंथालयांसाठी प्रशिक्षित माणसं लागतात हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं, आणि आपल्या कितीतरी महाविद्यालयांत आज ते पद रिकामं आहे.

३. नेट किंवा सेट

एम.लिब.बरोबर नेट किंवा सेट हवी, किंवा आयोगाच्या नियमांप्रमाणे मिळवलेली पीएच.डी. हवी. ग्रंथालय आणि माहितीशास्त्र हा नेटचा विषय क्रमांक ५९. पहिला पेपर ५० प्रश्न आणि १०० गुण, दुसरा १०० प्रश्न आणि २०० गुण, दोन्ही मिळून सलग तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. एम.लिब.च्या शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो. तो तेव्हाच करा, कारण अभ्यास ताजा असतो.

सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेट देशभर चालते, आपली सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. दोन्ही द्या.

नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना विषय येत असूनही अडखळायला होतं, ते संज्ञांमुळे. पहिल्या दिवसापासून एक वही घाला: डाव्या बाजूला मराठी संज्ञा, उजव्या बाजूला इंग्रजी आणि खाली एक उदाहरण. शेवटच्या महिन्यात ही वही जाड मार्गदर्शक पुस्तकांपेक्षा जास्त कामाला येते.

रंगनाथन नीट वाचा. शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यांचा जन्मदिन म्हणून १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन पाळतात. पाच सिद्धांत पाठ करणं सोपं आहे. मुलाखतीत मात्र चौथा सिद्धांत, वाचकाचा वेळ वाचवा, तुमच्या ग्रंथालयात कसा पाळाल, असं विचारतात. त्याचं उत्तर पाठांतरातून येत नाही.

४. हात बसवा

पदवी मिळाली तरी पुस्तक हातात घेऊन त्याची नोंद करता येईलच असं नाही. हे शिकण्यापुरती साधनं अशी:

- एक जुना लॅपटॉप किंवा संगणक, त्यावर लिनक्स (डेबियन किंवा उबुंटू)
- कोहा ही ग्रंथालय प्रणाली. ती मुक्त आहे आणि फुकट मिळते
- ड्यूई दशांश वर्गीकरणाचे खंड. विकत घेऊ नका, विभागात किंवा मोठ्या ग्रंथालयात बसून वापरा
- मराठी टंकलेखनासाठी युनिकोड कळफलक, शक्यतो इनस्क्रिप्ट
- घरातली, शेजाऱ्यांची, मित्रांची शंभरेक पुस्तकं

कोहा स्वतः बसवा. पहिल्यांदा अडेल, पुन्हा बसवा. ती बसवताना सर्व्हर, डेटाबेस, बॅकअप हे सगळं आपोआप समजतं आणि ‘संगणकीकरणाचं ज्ञान’ या पात्रतेच्या अटीला खरा अर्थ येतो. मग त्या शंभर पुस्तकांना दाखल क्रमांक (ग्रंथालयात आल्याचा अनुक्रमांक) द्या, वर्गांक (विषयाचा क्रमांक) द्या, नोंदी करा. ड्यूईत मराठी साहित्य ८९१.४६ वर येतं. त्यापुढे १ लावला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. इथवर सोपं आहे. पण ललित लेखांचा संग्रह, आत्मकथन, एखाद्या गावाचा इतिहास आणि आठवणी एकत्र असलेलं पुस्तक हाती आलं की खरा अभ्यास सुरू होतो. प्रत्येक शंकेला तुमचा निर्णय आणि त्याचं कारण वहीत लिहून ठेवा. उद्या तुमच्या ग्रंथालयाचं वर्गीकरण धोरण त्यातूनच तयार होईल.

अनुदानित महाविद्यालयांत इनफ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राची सोल ही प्रणालीही बरीच दिसते, सरकारी ठिकाणी ई-ग्रंथालय. एक नीट आली की बाकीच्या आठवड्याभरात येतात.

शक्य असेल तर एखाद्या जुन्या ग्रंथालयात काही आठवडे काम करू देण्याची विनंती करा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं, एशियाटिक सोसायटी १८०४ पासूनची. अशा ठिकाणी कागद पिवळा पडल्यावर, बांधणी सुटल्यावर पुस्तक कसं सांभाळतात ते बघायला मिळतं. कोणत्याही अभ्यासक्रमात ते इतकं जवळून दिसत नाही.

५. कागदपत्रांची फाइल

जाहिरात आल्यावर धावपळ करू नका. मूळ प्रती, दोन स्वसाक्षांकित संच आणि स्कॅन केलेल्या फायली अशी तयारी आधीच ठेवा.

- दहावीपासून एम.लिब.पर्यंतच्या सर्व गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं. प्रत्येक सत्राची वेगळी गुणपत्रिका
- श्रेणी असेल तर तिचं टक्केवारीत रूपांतर दाखवणारं विद्यापीठाचं पत्र
- नेट किंवा सेटचं प्रमाणपत्र. नुसती निकालाची छापील प्रत पुरत नाही
- पीएच.डी. असेल तर पदवी आणि ती कोणत्या नियमावलीप्रमाणे दिली याचं विद्यापीठाचं पत्र
- जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे चालू कालावधीचं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र
- अधिवास प्रमाणपत्र
- लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत
- अनुभवाची प्रमाणपत्रं, त्यासोबत नेमणुकीचं पत्र आणि पगाराचा पुरावा
- सध्या नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र
- प्रसिद्ध लेखांच्या प्रती, कार्यशाळांची प्रमाणपत्रं

जात वैधता आणि राजपत्र या दोन्हींना वेळ लागतो. एम.लिब. चालू असतानाच त्यांचे अर्ज करा. नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेलं असेल, कुठे ‘श्री’ कुठे ‘श्रि’, तर तेही आत्ताच दुरुस्त करून घ्या.

६. जाहिरात, मुलाखत, मान्यता

शासकीय महाविद्यालयांतली पदं राज्य लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. अनुदानित महाविद्यालयात शासनाचं ना-हरकत, बिंदुनामावलीची (आरक्षणाप्रमाणे पदं कोणाला याच्या नोंदवहीची) तपासणी, विद्यापीठाची जाहिरातीला मंजुरी, वृत्तपत्रात जाहिरात, निवड समितीची मुलाखत, आणि मग विद्यापीठाची वैयक्तिक मान्यता, असा क्रम असतो. पगार सुरू होतो तो उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाकडून मान्यतेची पडताळणी झाल्यावर.

एका महाविद्यालयात ग्रंथपालाचं पद बहुधा एकच असतं. म्हणजे राज्यभर जागा निघतात त्याही थोड्या. वाट पाहावी लागते, हे मी लपवून ठेवत नाही. त्या काळात विनाअनुदानित महाविद्यालयात काम करायला हरकत नाही, पण रुजू होण्याआधी हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा: पद मंजूर आहे का? अनुदानित आहे की विनाअनुदानित? जाहिरात विद्यापीठाच्या मंजुरीने निघाली होती का? माझा प्रस्ताव मान्यतेसाठी विद्यापीठाकडे कधी जाईल? मान्यतेशिवाय केलेली नोकरी पुढे अनुभव म्हणून मोजून घेताना फार त्रास होतो. ‘नंतर बघू’ या उत्तरावर वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर राबणारी हुशार माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नेमणुकीसाठी कोणी पैसे मागितले तर तिथून उठा. दागिने मोडून, कर्ज काढून मिळवलेल्या पदाची मान्यता अडकली तर ते पैसे परत मागायला कोणतीच पावती नसते.

मुलाखतीला जाण्याआधी त्या महाविद्यालयाचं संकेतस्थळ वाचा. किती शाखा आहेत, संशोधन केंद्र आहे का, नॅकचा (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा) अहवाल काय सांगतो, ते बघा. नॅकच्या मांडणीत ४.२ हा निकष थेट ग्रंथालयाचा होता: स्वयंचलन, ई-साधनांचं सदस्यत्व, पुस्तकांवरचा खर्च, रोजचा वापर. मूल्यांकनाची पद्धत आता बदलते आहे, तरी ही माहिती मागितली जाणारच. ‘तुम्ही आलात तर पहिल्या वर्षात काय कराल?’ हा प्रश्न येतोच. त्यावर तीन ठोस कामं सांगा आणि त्यांना लागणारा खर्चही सांगा. खर्च सांगणारा उमेदवार समितीच्या लक्षात राहतो.

आणि नियम तपासून घ्या. वर दिलेली पात्रता २०१८ च्या नियमावलीतली आहे. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. जाहिरातीत कोणत्या नियमावलीचा उल्लेख आहे ते वाचूनच अर्ज भरा.

७. कार्यभार घेताना

ही पायरी कोणत्याच वर्गात नीट शिकवत नाहीत, आणि नव्या ग्रंथपालाचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. म्हणून जरा थांबून सांगते.

रुजू झाल्यावर तुमच्यासमोर एक कागद येतो. ‘ग्रंथालयातील एकूण अमुक ग्रंथ, कपाटे, संगणक ताब्यात मिळाले.’ खाली सही. समोरचे लोक चांगले असतात, चहा आलेला असतो, नाही म्हणणं अवघड जातं. पण तुम्ही सही केलीत की दाखल नोंदवहीतल्या शेवटच्या क्रमांकापर्यंतचं प्रत्येक पुस्तक तुमच्या नावावर येतं. त्यातली काही तुमच्या आधी कितीतरी वर्षं गहाळ झालेली असतात.

सही करा, पण अशी: ‘प्रत्यक्ष पडताळणीच्या अधीन राहून कार्यभार स्वीकारला.’ खाली तारीख. त्याच दिवशी प्राचार्यांना पत्र द्या, की साठा पडताळणीसाठी समिती नेमावी आणि मला इतका कालावधी द्यावा. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. यात कोणाचा अपमान नाही. समजूतदार प्राचार्य उलट खूश होतात.

मग दाखल नोंदवही उघडा. बघायचं ते हे. क्रमांक सलग आहेत का? एकाच क्रमांकावर दोन पुस्तकं आहेत का? पानं फाडलेली, चिकटवलेली आहेत का? देयकाचा क्रमांक आणि तारीख प्रत्येक नोंदीसमोर आहे का? बाद केलेल्या पुस्तकांसमोर ठरावाचा क्रमांक आहे का? या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई तर मुळीच नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, वर दुरुस्ती, शेजारी सही. बाद झालेल्या पुस्तकाचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देऊ नका.

पडताळणीत एक माणूस कपाटाशी क्रमांक वाचतो, दुसरा यादीवर खूण करतो. बारकोड असेल तर काम लवकर उरकतं, पण पहिल्या वेळी पुस्तक उघडून आतला शिक्काही बघा. बहुतेक ग्रंथालयांत ठरलेल्या एका आतल्या पानावर गुपचूप शिक्का मारलेला असतो. तो कोणत्या पानावर आहे हे जुन्या परिचराला विचारा. मुखपृष्ठ आणि पहिली पानं गेलेलं पुस्तक आपलंच आहे की नाही, हे त्या पानावरून कळतं.

पुस्तकं कमी भरणार. घाबरू नका. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधला नियम २१५ जवळ ठेवा. त्याप्रमाणे २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, २०,००० ते ५०,००० असतील तर तीन वर्षांतून एकदा, त्याहून जास्त असतील तर नमुना पडताळणी. आणि वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचपर्यंतची हानी वाजवी मानली जाते, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. म्हणजे वर्षाची देवघेव ८,००० असेल तर ४० पुस्तकांची घट स्वीकारण्याजोगी ठरते. दुर्मिळ ग्रंथ किंवा १,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुस्तक गेलं तर मात्र चौकशी हवीच. हे नियम केंद्राच्या संस्थांसाठी आहेत, पण आपल्या ग्रंथालय समितीपुढे आधार म्हणून ठेवता येतात. चोरीची भीती दाखवून कपाटांना कुलपं लावणाऱ्यांना हाच नियम दाखवा. पुस्तकं वापरली की थोडी जाणार, हे नियम करणाऱ्यांनीही धरूनच चाललं आहे.

पडताळणीचा अहवाल समितीपुढे ठेवा, ठराव घ्या, आणि मग पूर्ण कार्यभारावर सही करा.

८. पहिल्या वर्षातलं सर्वांत मोलाचं काम: मराठी नोंदी

काउंटर, वाचनकक्ष, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, मार्चअखेरची खरेदी, ना-देय दाखले, हे सगळं आपोआप अंगावर येतं आणि अंगवळणी पडतं. खरेदीबद्दल एवढंच, की विभागांच्या शिफारशी डिसेंबरपर्यंत लेखी घ्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विक्रेता जे गठ्ठे आणतो त्यांत मागच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं असतात.

मला बोलायचं आहे ते तालिकेबद्दल. समजा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनासाठी एखादी विद्यार्थिनी संगणकावर ‘कुसुमाग्रज’ शोधते. तिला कवितासंग्रह दिसतात, नाटकं दिसत नाहीत, कारण ती वि. वा. शिरवाडकर या नावाखाली आहेत. तेही कुठे ‘शिरवाडकर वि. वा.’, कुठे ‘शिरवाडकर, विष्णु वामन’, कुठे ‘विष्णू’ दीर्घ. पुस्तकं कपाटात आहेत, पण तिच्या लेखी नाहीत.

यावर उपाय म्हणजे प्रमाण नावांची फाइल. कोहात तिची वेगळी सोय आहे. प्रत्येक लेखकाचं एक रूप ठरवा आणि बाकीची रूपं ४०० या क्षेत्रात (नोंदीतल्या त्या क्रमांकाच्या रकान्यात) टाका, म्हणजे कोणत्याही रूपाने शोधलं तरी ठरलेल्या नावाकडे वाट निघते. लेखक दोन नावांनी वेगवेगळ्या प्रकारचं लिहीत असेल, कुसुमाग्रज आणि शिरवाडकर यांच्यासारखं, तर दोन्ही नावं स्वतंत्र ठेवा आणि ५०० या क्षेत्राने ‘हेही पाहा’ म्हणून जोडा. केशवसुतांची कविता त्याच एका नावाने ओळखली जाते. तिथे केशवसुत हे प्रमाण नाव, आणि कृष्णाजी केशव दामले हे ४०० मध्ये. संतांची नावं आडनावाने मोडू नका. ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई हीच त्यांची नोंद.

दुसरी अडचण जुन्या डेटाची. नव्वदच्या दशकात आणि पुढेही मराठी नोंदी विशिष्ट फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या अक्षरांचा कचरा दिसतो. अशी फाइल कोहात भरण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदल झाल्यावर रफार, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. तिथेच चुका राहतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून आयत्या नोंदी उतरवून घेता येतात, पण मराठी पुस्तकांच्या त्या नोंदी मुख्यतः रोमन लिपीत आणि उच्चारचिन्हांसह असतात. आपला विद्यार्थी तसं टंकून शोधणार नाही. नोंद उतरवा, त्यातला वर्गांक आणि विषय ठेवा, शीर्षक आणि लेखक देवनागरीत भरा.

रोज वीस नोंदी नीट केल्या तरी वर्षाअखेर मराठी विभाग उभा राहतो. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही आणि तरीही मी ते सर्वांत वर ठेवते.

ई-साधनांचंही बघा. महाविद्यालयांसाठी इनफ्लिबनेटची एन-लिस्ट ही ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी सेवा आहे. वर्गणी भरलेली असते, पण कितीदा मुलांना लॉगिनच मिळालेलं नसतं. प्रवेशाच्या काळातच प्रत्येक वर्गात वीस मिनिटं मागून घ्या, लॉगिन द्या आणि एक लेख तिथेच शोधून दाखवा. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुरू झाली आहे. सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तिच्यातून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं मिळतात. तुमची संस्था त्यात बसते का ते तपासा.

९. संशोधन

नोकरी करत पीएच.डी. करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि साधारण सहा वर्षांची मुदत, आधी अभ्यासवर्ग, आणि अर्धवेळ करायची असेल तर संस्थेचं ना-हरकत पत्र.

विषय निवडताना ‘अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या वापराचा अभ्यास’ या वाटेने जाण्याआधी शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) शोधा. तशा प्रबंधांची रांग लागलेली आहे. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, शिफारशी लिहायच्या. आपल्याकडे न विचारलेले प्रश्न भरपूर आहेत. मराठी नोंदींची गुणवत्ता कशी मोजायची? मराठी संशोधनपर नियतकालिकांतल्या लेखांना संदर्भ कोण देतं? एन-लिस्टच्या वापराची आकडेवारी आणि विद्यार्थ्याच्या घरातलं इंटरनेट यांचा संबंध काय? गावच्या शंभर वर्षं जुन्या वाचनालयातली पुस्तकं अंकीकरणाआधी कोणत्या क्रमाने निवडायची? यातला कोणताही प्रश्न तुमच्या रोजच्या कामातून निघतो आणि त्याचा डेटा तुमच्याच हातात असतो.

लेख पाठवताना सावध राहा. आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता नियतकालिक चांगलं की नाही हे आपणच ठरवायचं आहे. चार दिवसांत छापून देतो आणि पैसे भरा म्हणणारं नियतकालिक सोडून द्या. ‘ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज’ आणि ‘डेसिडॉक जर्नल ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ ही दोन्ही सर्वांना खुली आहेत. मागच्या दोन वर्षांचे अंक वाचून काढा, म्हणजे कसं लिहितात ते कळेल.

प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी साम्य तपासणीसाठी, म्हणजे लेखनात दुसऱ्याचा मजकूर किती आला आहे ते यंत्राने पाहण्यासाठी, तुमच्याकडेच येतील. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे पुढचे स्तर आहेत. अहवाल काढून देताना अवतरणं, संदर्भयादी आणि मान्य संज्ञा वगळल्या आहेत का ते बघा, आणि प्रत्येक रंगलेला परिच्छेद त्या विद्यार्थ्यासोबत बसून वाचा. मराठी प्रबंधांसाठी फक्त आकड्यावर विसंबू नका. मराठी मजकूर इंटरनेटवर मुळातच कमी आहे, त्यामुळे छापील पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला उताराही यंत्राला सापडत नाही. तो तुमच्या कपाटातल्या पुस्तकात असतो आणि तुम्ही ते पुस्तक ओळखता.